वीस मिनिटांची रांग

एकतीस वर्षं विमानांच्या धंद्यात काढली, आणि तेवढ्या काळात मी स्वतः विमानात बसले असेन जेमतेम अकरा वेळा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की मी एअर होस्टेस होते. उरलेल्या निम्म्यांना माझी उंची आणि माझा स्वभाव माहीत असल्यामुळे तसं वाटत नाही, पण मग मी नक्की करायचे काय, हे त्यांनाही सांगता येत नाही.

मी डिस्पॅचर होते. म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा प्रवास कागदावर करून बघणारी बाई. अंतर किती, वारा कुठून आहे, इंधन किती भरायचं, उतरायच्या ठिकाणी ढग खाली आले तर जवळचं दुसरं विमानतळ कोणतं, तिथवर जाऊन वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं इंधन टाकीत आहे का, हे सगळं मांडायचं आणि खाली सही करायची. मग कॅप्टन सही करतो. या दोन सह्या झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. कॅप्टनचा फोटो मासिकात येतो, आमचा येत नाही. पण सही आधी आमची असते, हे मी प्रत्येक नव्या कॅप्टनला पहिल्याच दिवशी हसत हसत ऐकवायचे.

आमची कंपनी छोटी होती. पंख्यांची चार विमानं, प्रत्येकात सत्तर माणसं. ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत चौथ्या मजल्यावर. खिडकीतून आकाश दिसत नसे, समोरच्या इमारतीच्या एसींची पाठ दिसायची. तिथे बसून आम्ही राज्यातल्या लहान लहान गावांना विमानं पाठवायचो. माझ्या शेजारच्या टेबलावर जनार्दन. तो मनोरीचा, घरची मासेमारी. भाऊ अजून होडी चालवतात. हा रोज मार्व्याला फेरीबोटीतून उतरून रिक्षा, बस करत अंधेरीला यायचा. आम्ही एकाच वर्षी धंद्यात आलो, त्यामुळे साहेब असोत की नसोत, आमच्यात ‘अगं’ आणि ‘अरे’च चालायचं.

विमानांच्या धंद्यात जगभर एकच वेळ वापरतात, ग्रीनिचची. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून माझ्या डाव्या हातात भारताचं घड्याळ आणि उजव्या हातात ग्रीनिचचं. ही सवय अंगात किती मुरते, त्याचा एक किस्सा सांगते. बोरिवलीला माझ्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं, संध्याकाळी पाचला. निरोप द्यायचं काम माझ्याकडे. ड्यूटीवर बसल्या बसल्या मी नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवून दिलं, ‘बारसं साडेअकरा वाजता.’ मी काही चूक केली नव्हती. ग्रीनिचला तेव्हा साडेअकराच वाजणार होते. पण आमच्या चुलत्यांना ग्रीनिच माहीत नव्हतं. सकाळी साडेअकराला सव्वीस माणसं दारात उभी, बाळ आंघोळीच्या पाटावर आणि भाचीच्या डोक्याला तेल. सगळ्यांना वरणभातावर बसवावं लागलं. अजूनही घरातल्या कुठल्याही कार्याचं आमंत्रण आलं की आमचे यजमान आधी विचारतात, “वेळ अलकानं काढलीय का?”

असो. लोक मला हमखास विचारतात, अमक्या गावाहून तमक्या गावाला विमानानं किती वेळ लागतो? प्रश्न साधा वाटतो, पण माझी एकतीस वर्षं त्याच्या उत्तरात गेली आहेत. उदाहरण म्हणून मी दोन गावं घेते. नोकरी सोडताना एका कागदावर सही केलेली असल्यामुळे त्यांची खरी नावं देत नाही. ज्याच्याभोवती ऊस आहे त्याला ऊसगाव म्हणू आणि ज्याच्याभोवती कापूस आहे त्याला कापूसगाव.

ऊसगाव ते कापूसगाव सरळ रेषेत अंतर तीनशे सत्तर किलोमीटर. आम्ही सागरी मैलांत मोजतो, ते होतात दोनशे. रस्त्यानं मात्र जवळपास पाचशे किलोमीटर, दोन ठिकाणी बस बदलायची, अकरा तास. विमान हवेत असतं बावन्न मिनिटं. पण तिकिटावर छापतात ती वेळ हवेतली नव्हे. दार बंद होतं तिथपासून दार उघडतं तिथपर्यंतची वेळ धरायची असते. त्यासाठी मी प्रत्येक मार्गाचा एक तक्ता करायचे, चार ओळींचा. विमान धावपट्टीपर्यंत चालत जाणार, पाच मिनिटं. उडण्यासाठी रांगेत थांबणार, वीस मिनिटं. हवेत, बावन्न. उतरून जागेवर येणार, तीन. बेरीज ऐंशी. म्हणजे तिकिटावर एक तास वीस मिनिटं.

मुंबईत रांगेची वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. एकापाठोपाठ एक विमानं शेपटीला नाक लावून उभी असतात. आणि आम्ही उपनगरातली माणसं तसंही अंतर किलोमीटरात सांगतच नाही. मुलुंडहून अंधेरी किती लांब? दीड तास. अठराएक किलोमीटर असेल, पण तो आकडा तोंडात येत नाही. रस्त्यात गर्दी असणार हे आम्ही धरूनच चालतो, रविवारी सकाळी रस्ता मोकळा असला तरी.

तक्त्याच्या बाबतीत मी अतिशय हट्टी होते, आणि त्याला कारण होतं. आधीच्या कंपनीत मार्केटिंगवाल्यांनी मला एका मार्गाची वेळ दहा मिनिटांनी कमी करायला लावली होती, जाहिरातीत बरं दिसावं म्हणून. नंतर सहा महिने ते विमान रोज दहा मिनिटं उशिरा पोहोचलं आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून मी ठरवून टाकलं की कोणी पाया पडलं तरी मिनिट कापायचं नाही. ऑफिसात माझी तीच ओळख झाली होती. खरं सांगायचं तर मला ती आवडायची.

लांब बसून काम करण्यावरून लोक टोमणेही मारायचे. एकदा मे महिन्याच्या दुपारी ऊसगावहून एक वऱ्हाड निघालं होतं. उन्हानं हवा तापली की ती विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो, आणि धावपट्टी आखूड असली की वजन उतरवावं लागतं. मी फोनवर सांगितलं, दोनशे किलो सामान खाली ठेवा. नवरीचे मामा भडकले आणि तिथल्या माणसाच्या हातातून फोन घेऊन मला म्हणाले, “ताई, तुम्ही बोलताय कुठनं?”

“अंधेरीहून.”

“मग तुम्हाला इथलं काय कळणार? इथं येऊन बघा जरा.”

शेवटी लाडवांचे डबे विमानात गेले आणि रुखवताची तांब्याची भांडी दुसऱ्या दिवशी ट्रकनं. वजनाच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. पण मामांचं वाक्य मी हसण्यावारी नेलं, ते न्यायला नको होतं.

ऊसगाव-कापूसगाव मार्ग सुरू झाला आणि दोन महिन्यांत आम्हाला एक पत्र आलं. कागदावरचं, शाईनं लिहिलेलं. ‘महोदय, काल आपले विमान कापूसगावी छापील वेळेपेक्षा एकोणीस मिनिटे लवकर पोहोचले. मागील पाच शुक्रवारीही असेच घडले. घड्याळ पुढे असणे हाही दोषच आहे. कृपया लक्ष घालावे.’ खाली सही, विनायक पोतनीस, घड्याळदुरुस्ती, ऊसगाव.

आमच्या धंद्यात उशिराच्या तक्रारी पोत्यानं येतात. विमान लवकर पोहोचलं म्हणून तक्रार करणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. जनार्दननं ते पत्र मोठ्यानं वाचलं, आम्ही पोट धरून हसलो आणि ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं छापील उत्तर पाठवून दिलं. पुढे दीड-दोन महिन्यांनी एक, अशी पत्रं येत राहिली. अठरा मिनिटं लवकर, एकवीस मिनिटं लवकर. जनार्दननं फाइलवर ‘घड्याळकाका’ असं लिहून ठेवलं होतं.

मग पहिला हिवाळा आला. आमचं विमान मुंबईहून तीन वाजून पाच मिनिटांनी सुटायचं. मुंबईत सुटायची वेळ मागून मिळत नाही, मिळाली ती धरून ठेवायची असते, त्यामुळे ती हलणार नव्हती. तिथून ऊसगाव, आणि ऊसगावहून साडेचारला कापूसगावसाठी सुटणार. माझ्या तक्त्याप्रमाणे पोहोचणार पाच पन्नासला. कापूसगावच्या धावपट्टीला दिवे नव्हते, म्हणून हिवाळ्यात ते विमानतळ पावणेसहाला बंद व्हायचं; विमान रात्री तिथेच मुक्काम करून सकाळी परत निघायचं. म्हणजे कागदावर आम्ही पाच मिनिटं उशिरा.

मार्केटिंगचा राहुल माझ्या टेबलापाशी आला. “मॅडम, फक्त पाच मिनिटं कमी करा ना. नाहीतर ऑक्टोबर एंडपासून मार्चपर्यंत सेक्टर बंद ठेवावा लागेल.”

“राहुल, मिनिटं काय माझ्या पदरची आहेत द्यायला?” मी म्हटलं. “सूर्य बुडल्यावर सत्तर माणसं घेऊन विमान तिथे घिरट्या घालत राहिलं तर काय, तू दिवा दाखवणार आहेस?”

तो गेला. पाच महिने मार्ग बंद राहिला. उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाला, घड्याळकाकांची पत्रं पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या हिवाळ्यात राहुल परत आला, मी परत तेच उत्तर दिलं, मार्ग परत बंद. घरी जेवताना मी यजमानांना हे अभिमानानं सांगितल्याचंही आठवतं.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात, हिवाळ्याचं वेळापत्रक पाठवायला आठवडा उरलेला असताना, खालून वॉचमनचा फोन आला. “मॅडम, एक काका आलेत. वही घेऊन. बोलतात, टाइम बनवणाऱ्याला भेटायचंय.”

साठीचे, उंच, पाठीत किंचित वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. “बाई, तुमचं उजव्या हातातलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे.”

“ते तसंच असतं, काका.”

“बरं. मुद्दाम असेल तर हरकत नाही. मी विनायक पोतनीस.”

पलीकडे जनार्दनला ठसका लागला. पण काकांना हसण्याचा बेत पाच मिनिटांत गळून पडला, कारण त्यांनी आधी तक्रार नाही, आपली हकीकत सांगितली. त्यांची पहिली पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. चार वर्षांपूर्वी कापूसगावच्या मालतीबाई कोणाच्या तरी लग्नाला ऊसगावला आल्या आणि वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला देऊन गेल्या.

“दोन दिवसांचं काम होतं,” काका म्हणाले. “मी आठ महिने ठेवून घेतलं. दर रविवारी फोन करून सांगायचो, अजून एक मिनिट मागे पडतंय. आठव्या महिन्यात त्या म्हणाल्या, पोतनीस, घड्याळाचं राहू दे, तुमचं काय ते सांगा.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी काकांनी लग्न केलं. मालतीबाई तिथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्तीला बरीच वर्षं बाकी. काकांचं दुकान ऊसगावात, आणि त्या भागात चावीची घड्याळं उघडणारा दुसरा माणूस उरलेला नाही. दोघांनीही आपापलं काम सोडायचं नाही असं ठरलं. तेवढ्यात आमचं विमान सुरू झालं. शुक्रवारी दुपारी काका विमानानं कापूसगावला जायचे, सोमवारी सकाळच्या विमानानं दुकान उघडायला परत. पण हिवाळ्यात विमान नाही. त्यांच्या पाठीचे दोन मणके सरकलेले. अकरा तासांची बस महिन्यातून जेमतेम एकदा जमायची आणि पुढचे चार दिवस ते आडवे असायचे.

“येत्या हिवाळ्यात डॉक्टरांनी बसही बंद सांगितलीय,” ते म्हणाले. “म्हणजे पाच महिने भेट नाही. म्हणून स्वतः आलो. पत्रांचा काही उपयोग होईना.”

मी त्यांना समजावायला घेतलं. सूर्यास्त, धावपट्टीचे दिवे, सुरक्षितता. मी हे फार छान समजावते. काकांनी शांतपणे सगळं ऐकलं, मग वही माझ्यासमोर उघडून ठेवली.

एकोणऐंशी प्रवास. प्रत्येकाला एक ओळ आणि सहा रकाने: दार बंद झालं, चाकं हलली, चाकं उचलली, चाकं टेकली, दार उघडलं, एकूण वेळ. सगळं सेकंदांसह, कोरीव अक्षरात. वाऱ्याच्या दिवशी बाजूला बारीक ‘वारा’ असंही लिहिलेलं. मी शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवलं. साठ मिनिटं. एकोणसाठ. एकसष्ट. साठ. सर्वांत जास्त चौसष्ट, आणि तिथे शेरा होता, ‘धावपट्टीवर शेळ्या.’

मग मी दार बंद होण्यापासून चाकं उचलेपर्यंतचा वेळ बघितला. पाच मिनिटं. पाच. सहा. पाच.

माझ्या तक्त्यात तिथे पंचवीस होती.

मी संगणकावर तक्ता उघडला. जनार्दन खुर्ची सरकवत आला आणि त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. “अलका,” तो हळूच म्हणाला, “ही दुसरी ओळ मुंबईची आहे गं.”

होतीच. मार्ग सुरू झाला त्या दिवशी मी मुंबईचा तक्ता उचलला होता, अंतर बदललं होतं, वारा बदलला होता, आणि रांगेची ओळ तशीच ठेवली होती. ऊसगावला, जिथे संध्याकाळी सगळ्या विमानतळावर मिळून आमचं एकच विमान असतं, मी वीस मिनिटांची रांग लावून दिली होती. त्यानंतर मी ती ओळ एकदाही वाचली नाही. आकडा माझा होता, तेवढं मला पुरेसं होतं.

“आमच्या मनोरीच्या बोटीसारखं झालं हे,” जनार्दन म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून त्याची धडपड चालली होती. “बोट पलीकडे जाते दहा मिनिटांत. पण रविवारी पिकनिकवाल्यांची लाइन असते ना, म्हणून मी बायकोला बारा महिने पाऊण तासच सांगत आलोय.”

“आणि उरलेला वेळ काय करतोस?”

“ते तू नको विचारू.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही. समोर काका चहाचा कप धरून बसले होते आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं. नियमाप्रमाणे ‘आम्ही विचार करू’ म्हणून त्यांना वाटेला लावता आलं असतं, पुढे चूक गुपचूप दुरुस्तही करता आली असती. माझ्या मनात ते आलंही, खोटं कशाला बोलू. पण त्या वहीतले सेकंद बघितल्यावर ते जमेना.

“काका,” मी म्हटलं, “तुमचं दोन हिवाळ्यांचं विमान सूर्यामुळे बंद नव्हतं. माझ्यामुळे बंद होतं. आकडा चुकला होता, आणि मी तो तपासला नाही.”

 त्यांनी वही मिटली. “चव्वेचाळीस शुक्रवार,” ते म्हणाले. “त्यातले नऊ बसनं गेलो.”

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“घड्याळ चुकतं, बाई,” ते सावकाश म्हणाले. “त्याचा मला राग नाही, त्यावर माझं पोट चाललं. पण काही गिऱ्हाईकं येतात आणि उघडू न देताच सांगतात, माझं घड्याळ बरोबर आहे. त्यांच्याशी मला बोलता येत नाही. मी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली.” त्यांनी कप उचलला. “आता उघडलंय ना? मग करा दुरुस्त. मी चहा घेतो.”

एकतीस वर्षांत साहेबांनी, कॅप्टननी, गिऱ्हाइकांनी मला पुष्कळ सुनावलं. एवढं कोणाचंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर तक्ता मांडला आणि चूक कबूल केली.  राहुल माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, मी दोन वर्षं पाच मिनिटं मागत होतो. तुम्ही वीस देताय?”

“पंधरा,” मी म्हटलं. “पाच वाऱ्याला ठेवलीत.” एवढा हट्ट तरी मी राखला. नवी वेळ ठरली एक तास पाच मिनिटं. पोहोचणार पाच पस्तीसला, विमानतळ बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी. साहेबांनी वेळापत्रकावर सही केली, पण जाताना म्हणाले, “अलकाताई, पहिल्या आठवड्यातच हे विमान परत फिरलं, तर मार्ग कायमचा जाईल. मग मी काही करू शकणार नाही.”

नोव्हेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी माझी सुट्टी होती. तरी ऑफिसला गेले. त्या दिवशी मुंबईतच, रांगेमुळेच, विमानाला आठ मिनिटं उशीर झाला. ऊसगावला दार बंद झालं चार अडतीसला. म्हणजे प्रवासाला साठ मिनिटं धरली तर विमानतळ बंद व्हायला माझ्या हातात उरत होती सात मिनिटं. छापील पासष्ट लागली तर फक्त दोन. पडद्यावर विमानाचा ठिपका सरकत होता. राहुल माझ्या खुर्चीमागे उभा, जनार्दनची बोट सुटायची वेळ होऊन गेलेली तरी तो हलायला तयार नाही. मी दोन्ही घड्याळं आळीपाळीनं बघत होते, जसं काही ग्रीनिचमध्ये थोडा जास्त वेळ शिल्लक असेल.

पाच चौतीसला चाकं टेकली. जनार्दननं टेबलावर थाप मारली. तीन मिनिटांनी माझ्या फोनवर एक संदेश आला. फक्त एक शब्द, ‘एकोणसाठ.’

मार्ग चालू राहिला. तो हिवाळाही आणि त्यानंतरचाही. काका दर शुक्रवारी मला आकडा पाठवायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी माझ्या पैशांनी तिकीट काढलं आणि ऊसगावहून काकांच्या शेजारी बसून कापूसगावला गेले. ज्या मार्गाचा मिनिटन् मिनिट मी इतकी वर्षं लिहिला होता, तो मी पहिल्यांदाच बघत होते. विमानाचं दार बंद झालं, विमान वळलं, समोर मोकळी धावपट्टी आणि तिच्या कडेला गवत कापणारा एक माणूस. त्यानं हात केला. आम्ही उडालो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मामा म्हणाले होते, इथं येऊन बघा जरा.

कापूसगावला दाराशी मालतीबाई उभ्या होत्या. ठेंगण्या, चष्मा, खांद्याला शाळेची पिशवी. काकांनी ओळख करून दिली.

“म्हणजे त्या रांगेच्या बाई तुम्हीच,” त्या म्हणाल्या. “मला तुमचा राग आला होता, तोंडावर सांगते. दुसऱ्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला होता. पोतनीस फोनवर होते, पण फोननं पाणी गरम करून मिळत नाही.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “मला फार वाईट वाटतं त्याचं.” 

“वाटायलाच हवं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली बॅग ओढून घेतली. “आता घरी चला, भाकरी-भरीत केलंय. आणि तुमची शिक्षा मी ठरवून ठेवलीय. उद्या सकाळी नववीच्या वर्गाला वेळ, वेग, अंतर शिकवायचं.”

शनिवारी सकाळी मी छप्पन्न मुलींसमोर फळ्यापाशी उभी राहिले.  काका मागच्या भिंतीला टेकून उभे, मालतीबाई खिडकीशी. मी मुलींना त्यांच्याच विमानतळाची गोष्ट सांगितली आणि ऊसगाव ते कापूसगावचा तक्ता फळ्यावर लिहिला, जुना, जसाच्या तसा. चालणं पाच, रांग वीस, हवेत बावन्न, उतरल्यावर तीन. बेरीज ऐंशी.

“यात एक चूक आहे,” मी म्हटलं. “ती करणाऱ्या बाईला सापडायला तीन वर्षं लागली. तुम्हाला सापडते का बघा.”

 पुढच्या बाकावरच्या हुशार मुली भराभर बेरीज तपासू लागल्या. मग मागून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, दोन वेण्या, हाताला शाई, अर्धवट उभी राहिली.

“बाई, बेरीज बरोबर आहे. पण आमच्याकडे संध्याकाळी एकच विमान येतं ना?”

“हो.”

“आणि ऊसगावहून पण तेव्हा तेच एक उडतं?”

“तेच एक.”

“मग ते रांगेत कोणाच्या मागे उभं राहतं?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते खडूच्या धुळीवर ढकललं. मागून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पोतनीसकाका म्हणाले, “अडतीस सेकंद.”

“वर्गात बोलायचं नाही,” मालतीबाई म्हणाल्या.

मी डस्टर उचललं आणि दुसरी ओळ पुसून टाकली.